रामटेके बाबूंचे पाहुणे

आमचं कार्यालय कोणत्या खात्याचं होतं ते मी सांगणार नाही. माझी पेन्शन अजून त्याच खात्याकडून येते आणि माझ्यावर रागावू शकेल असं एखादं माणूस तिथे शिल्लक असेलच. एवढं सांगते की एटापल्लीच्या रस्त्यावर एका लहानशा गावात ते होतं. कौलारू इमारत, समोर मोहाचं झाड, मागे जंगल. जिल्ह्याचे नुकतेच दोन जिल्हे झाले होते. जुन्या छापील कागदांवरचं 'चंद्रपूर' खोडून वर हाताने 'गडचिरोली' लिहायचं काम मला रुजू झाले त्याच दिवशी मिळालं. दोन आठवडे मी तेवढंच केलं आणि साहेबांनी माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं.

मी ब्रह्मपुरीची. टायपिंगच्या दोन परीक्षा पास होऊन टंकलेखिका म्हणून आलेली, बावीस वर्षांची आणि स्वतःला फार हुशार समजणारी. माझ्या समोरच्या टेबलावर शालिक रामटेके बसायचे. सगळे त्यांना रामटेके बाबू म्हणत, मी भाऊ म्हणायची. पस्तिशीचे, उंच, सडसडीत, पांढरा सदरा रोज धुतलेला. खिशात तीन पेनं असत आणि त्यातल्या एकात शाई नसे.

"हे कायले ठेवता जी, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"हे मागणाऱ्याईसाठी हाये," ते म्हणाले. "मागतेत अन् वापस देत नाई. खाली पेन मात्र दोन मिनिटांत वापस येते."

हे वाक्य मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणाचा समज होईल की रामटेके बाबूंना व्यवहार कळत नव्हता. आमच्या कार्यालयात व्यवहार कळणारे ते एकटेच असावेत.

ते वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातले. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या वर्षी शालिक पहिलीत होते. पुढे वस्तीतले पहिले मॅट्रिक तेच. दहावी-अकरावीत असल्यापासून अख्ख्या वस्तीचे अर्ज तेच लिहीत: रस्त्याचे, विहिरीचे, मास्तर येत नाही त्याचे. त्यांच्या अर्जाला उत्तर यायचं म्हणतात. गावातल्या शाळेला दुसरी खोली त्यांच्या अर्जामुळे मिळाली हे ते स्वतः कधी बोलले नाहीत, त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, मला सांगितलं. असा लिहिता माणूस सरकारी नोकरीत आला, आणि आमच्याकडे पत्रांचे मसुदे लिहिणं हे त्याचं काम झालं. त्याने लिहायचं, साहेबांनी कोपऱ्यात सही ठोकायची, मी टाइप करायचं आणि शिपायाने टपालात टाकायचं, अशी आमची पद्धत. या चौघांपैकी वाचायचं कोणी हे खात्याने ठरवून दिलेलं नव्हतं.

माझ्या पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं, "भाऊ, कार्बन पेपर कुठी हाये?"

"कार्बन आलमारीत," ते म्हणाले. "आलमारी भितीले, भित पावसाले, पाऊस धानाले, धान पोरीईले, पोरी मामाले, मामा... " मग थांबले, कपाळावरून हात फिरवला. "बसा बाई. खालच्या खणात हाये, डाव्या अंगाले."

कार्बन पेपर खालच्या खणात डाव्या बाजूलाच होता. मला वाटलं, माणूस गमत्या आहे. महिनाभर मी हसत होते. हे सांगायला लाज वाटते, पण हसत होते.

पुढे एकदा काम नव्हतं तेव्हा त्यांनी स्वतःच समजावलं. "मी एका शब्दाले बोलावतो बाई. पण थो एकटा येत नाई. त्याच्या संगं त्याचा साळा येते, साळ्याचा दोस्त येते. मंग मले समजत नाई का बोलावलं कोणाले होतं. पाहुणे हायेत, हाकलावं कसं?"

कधीकधी हे पाहुणे चांगले असत. मार्चअखेरीला वरून कागदांचा मारा सुरू झाला की रामटेके बाबू म्हणत, "कागदझड लागली." साहेब दौऱ्यावर गेले आणि सह्या अडल्या की म्हणत, "आज सहीउपास." हे शब्द त्यांनी घडवले आणि आम्ही बिनदिक्कत वापरू लागलो. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, चिंतलवार यांनी तर एका टिपणीत 'सहीउपासामुळे विलंब झाला' असं लिहून पाठवलं. वरून कोणी विचारलं नाही.

पण काही पाहुणे वेगळे असत. मध्येच लिहिणं थांबवून ते दोन्ही तळवे कागदावर दाबून धरत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिपाई मडावी चहा घेऊन आला तरी हात उचलत नसत. एकदा मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "उचलला तं बाहेर येतीन." त्या दिवशी मी हसले नाही.

आता त्या हातपंपाच्या पत्राबद्दल. आमच्या हद्दीत एका टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या लहानशा वस्तीवरचा, हातपंप बंद होता. वरून विचारणा आली की दुरुस्ती का झाली नाही. रामटेके बाबूंनी उत्तराचा मसुदा केला. तो मी टाइप केल्यामुळे मला जवळजवळ पाठ आहे: 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मौजे मजकूर येथील हातपंपाचा हात निखळला असून हाताला काम नाही, कामाला माणूस नाही, माणसाला तहान आहे, तहान तहसीलच्या कक्षेत येते, कक्षा ग्रहांना असते, व ग्रह वक्री असल्याने दुरुस्ती प्रलंबित आहे. सबब माहितीस्तव सविनय सादर.'

साहेबांनी सही केली. मी चार प्रती काढल्या. मला टायपिंगच्या वर्गात शिकवलं होतं की मसुद्यात काय आहे ते पाहू नये, अक्षरं पाहावीत. आणि मी गुणी विद्यार्थिनी होते. पत्र गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'आपल्या पत्रातील मुद्द्यांची नोंद घेण्यात आली आहे. ग्रहांबाबतची माहिती विहित नमुन्यात तीन प्रतींत सादर करावी.'

बडे बाबूंनी विहित नमुना शोधला. सापडला नाही, तेव्हा जनावरांच्या गणतीचा नमुना घेतला, वरचं शीर्षक बदललं आणि सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहून पाठवून दिला. प्रकरण मिटलं. त्या वर्षीच्या तपासणीत जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्याने आमच्या पत्रव्यवहाराची भाषा प्रगल्भ असल्याचा शेरा मारला. साहेबांनी पेढे आणवले.

असं दीड वर्ष चाललं. म्हणजे दीड वर्ष एक माणूस आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू सुटत गेला आणि आमच्या कामकाजात त्याने काडीचा फरक पडला नाही. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. भरपूर शब्द, एकमेकांचा हात धरून चाललेले आणि कुठेच न पोचणारे, हेच तर आम्ही सगळे रोज दहा ते पाच करत होतो. रामटेके बाबूंचं निराळेपण त्यात उठून दिसायला जागाच नव्हती.

ते उठून दिसलं वेगळ्याच कारणाने. हातपंपाबद्दल पुन्हा एकदा विचारणा आली. त्या दिवशी रामटेके बाबू फार शांत होते. त्यांनी मसुदा लिहिला तो चार ओळींचा. 'या टोल्यावरचा हातपंप तीन वर्षांपासून बंद आहे. तो दुरुस्त करणे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही. तिथल्या बाया नाल्याचे पाणी भरतात.'

साहेबांनी सही केली, मी टाइप केलं, मडावीने टपालात टाकलं.

आणि चौथ्या दिवशी ट्रंक कॉल आला. आमच्या कार्यालयाला ट्रंक कॉल वर्षातून दोनदा यायचा, त्यामुळे सगळे उभे राहिलो. साहेबांचा चेहरा बघता बघता उतरला. फोन ठेवून ते म्हणाले, "हे पत्र कोणी लिहिलं? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?"

पाठोपाठ लेखी आदेश आला. श्री. रामटेके यांची मानसिक तपासणी चंद्रपूरच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी आणि ते काम करण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र पंधरा दिवसांत सादर करावं, अन्यथा त्यांना सेवेतून कमी करण्यात येईल. हातपंप, जाता जाता सांगते, आठ दिवसांत दुरुस्त झाला.

इथे कोणी टाळ्या वाजवू नयेत. वेड्याच्या तोंडून सत्य वगैरे म्हणायचा मोह मलाही पुष्कळ वर्षं होता. रामटेके बाबू आजारी होते. ते चार ओळींचं पत्र लिहायला त्यांना अख्खा दिवस लागला होता आणि संध्याकाळी त्यांचा सदरा पाठीवर घामाने चिकटला होता. नोकरी गेली असती तर क्वार्टर गेलं असतं, आणि शेवटी ते गेले असते त्या वस्तीत, जिथे सगळ्यांचे अर्ज लिहिणारा शालिक म्हणून त्यांचं नाव होतं. वच्छलाबाई आदेशाची प्रत हातात घेऊन आमच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत होतं. तरी त्यांनी ती मला वाचायला लावली.

आणि मग आमच्या कार्यालयाने कंबर कसली.

बडे बाबू चिंतलवार सिरोंचाकडचे. घरी तेलुगू, कार्यालयात मराठी, आणि संकटात दोन्ही. मनाने लोण्यासारखे. त्यांचा मेहुणा चंद्रपूरला एका दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याच्याकडून त्यांनी बातमी काढली. "अय्यो, सोपी परीक्षा हाये," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "डॉक्टर एक शब्द बोलते. पेशंटनं झटक्यात दुसरा शब्द बोलाचा, जो पयला मनात येईन थो. बराबर आला का पास. उलटासुलटा आला का पागल."

"मंग बराबर कोणता?" मडावीने विचारलं.

"तेच ठरवाचं हाये ना आपल्याले."

खात्याच्या परीक्षांसाठी आम्ही बाबूलोक दरवर्षी हेच करत असू. संभाव्य प्रश्न काढायचे, नमुना उत्तरं लिहायची, घोकायची आणि पास व्हायचं. नियम कळलेच पाहिजेत अशी अट कुठे होती? मनात पहिला येणारा शब्द ही गोष्टही आधी ठरवून, मंजूर करून घोकता येईल याबद्दल आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही. मलाही नाही.

तीन दिवस बैठक चालली. शंभर शब्द काढले. 'घर'ला उत्तर 'कुटुंब' ठरलं. 'झाड'ला मडावी 'तोड' म्हणाला, पण जंगलखात्याला वाईट वाटेल म्हणून 'सावली' ठेवलं. 'साहेब' या शब्दावर अर्धा दिवस गेला आणि शेवटी खुद्द साहेबांनी आत बोलावून 'आदरणीय' सुचवलं.

'पाणी' आला तेव्हा मडावी म्हणाला, "बापा, मले तं तहान आठवते."

"तहान नाई," बडे बाबूंनी हात वर केला. "तहान आधीच फायलीत आलेली हाये." म्हणून 'पिणे' ठरलं.

'रात्र' म्हटल्यावर सगळे एकदम 'झोप' म्हणाले. त्यावर चर्चा झाली नाही.

मी यादी टाइप केली. बडे बाबूंनी सवयीने खाली 'मान्य' लिहून सही केली. मग रोज चहाच्या वेळी घोकणं सुरू झालं. रामटेके बाबू टेबलाशी ताठ बसत, बडे बाबू विचारत.

"घर?"

"कुटुंब."

"आग?"

"विझवणे."

"शाब्बास! साहेब?"

"आदरणीय."

आठ दिवसांत त्यांना शंभरच्या शंभर आले. वस्तीतला पहिला मॅट्रिक होता तो, पाठांतराला काय भिणार? पण पाठ म्हणून झालं की ते टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसत. मी विचारलं, "भाऊ, जमून राह्यलं ना?"

"जमून राह्यलं बाई. पाहुणे दारात उभे हायेत. मी आतून कडी धरून राह्यलो."

वच्छलाबाईंनाही तयार केलं. डॉक्टरांनी घरचं विचारलं तर म्हणायचं, 'घरी सर्व ठीक आहे.' बडे बाबूंनी त्यांच्याकडून ते पाच वेळा वदवून घेतलं. त्या मान खाली घालून म्हणत आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे बघायची आम्हाला फुरसत नव्हती. आम्ही त्यांच्याच नवऱ्याची नोकरी वाचवत होतो ना!

चंद्रपूरला आम्ही चौघं गेलो. रामटेके बाबू, वच्छलाबाई, बडे बाबू, आणि बाईमाणसाच्या सोबतीला बाईमाणूस म्हणून मी. डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले, आवाज हळू. त्यांनी आम्हा सगळ्यांना आत बसू दिलं. समोर कागद घेतला आणि म्हणाले, "रामटेके, मी एक शब्द सांगतो. मनात जो पहिला शब्द येईल तो सांगा. चूक-बरोबर काही नसतं."

चूक-बरोबर काही नसतं म्हटल्यावर बडे बाबू माझ्याकडे बघून डोळा मिचकावून हसले. प्रत्येक परीक्षक असंच म्हणतो.

"पाणी."

"पिणे."

"घर."

"कुटुंब."

"झाड."

"सावली."

"साहेब," असा शब्द डॉक्टरांनी काढला तेव्हा मला वाटलं, पेपर फुटलाच आहे.

"आदरणीय," रामटेके बाबू म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. ते रामटेके बाबूंकडे बघत नव्हते. बडे बाबूंकडे बघत होते. बडे बाबूंचे ओठ प्रत्येक उत्तराबरोबर हलत होते.

"तुम्हालाही पाठ आहे वाटतं," डॉक्टर म्हणाले. "मग थोडे शब्द तुम्हाला विचारतो. टंचाई?"

बडे बाबू गडबडले. हा शब्द यादीत नव्हता. "अहवाल," ते म्हणाले.

"अहवाल?"

"निरंक."

"नदी?"

"पूररेषा."

"लग्न?"

"रजा. अर्जित."

"आई?"

इथे बडे बाबूंनी खूप विचार केला. मला दिसत होतं, माणूस खरोखर प्रयत्न करत होता. कपाळावर घाम आला. शेवटी बिचारे हळूच म्हणाले, "वारस-नोंद."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मला अजून वाटतं की ते रामटेके बाबूंच्या कागदावर लिहिलं नव्हतं. मग ते पुन्हा रामटेके बाबूंकडे वळले.

"रात्र," ते म्हणाले.

"झोप," रामटेके बाबू म्हणाले.

"खोटं हाये जी."

हे वच्छलाबाई बोलल्या. त्या भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. बडे बाबूंनी गर्रकन मान वळवली आणि बूट जमिनीवर आपटला, पण त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"खोटं हाये, डॉक्टरसाहेब. दोन वर्सं झाले, हे झोपले नाई. रातभर भितीसंगं बोलतेत. कोणाकोणाचे नावं घेतेत. मी उठून बसतो, त्याईचा हात धरतो, तं माह्या हाताले भेतेत. पोरी मामाकडे शिकाले ठेवल्या सांगतो मी सगळ्याईले. शिकाले नाई ठेवल्या. भेवानं ठेवल्या."

"बाई," बडे बाबू म्हणाले, "घरी सर्व ठीक हाये म्हणून..."

"घरी काई ठीक नाई, भाऊ! तुमी सगळे लय चांगले हा. तुमी नोकरी वाचवून राह्यले. पण आज हे पास झाले तं मले घरी काय न्या लागन? हेच ना? नोकरीचं सायेब पाहतीन. मले माणूस पायजे."

मला जन्मात इतकी लाज वाटली नाही. दीड वर्ष मी त्यांचे शब्द टाइप केले होते, त्यांना हसले होते, घरी पत्रातून मैत्रिणींना कळवले होते. रात्री या माणसाचं काय होत असेल हा प्रश्न मला पडला नव्हता.

रामटेके बाबू बायकोकडे बघत होते. मग त्यांनी खुर्चीची कड सोडली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"थकलो, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "लय थकलो."

पुढे तास-दीड तास डॉक्टर त्यांच्याशी बोलले, आम्हाला बाहेर बसवून. नंतर त्यांनी बोलावून सांगितलं की आजार आहे, औषधं बराच काळ घ्यावी लागतील, तीन महिने रजा हवीच. आधी आले असते तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. बडे बाबूंनी आजाराचं नाव विचारलं. छिन्नमनस्कतेसारखी लक्षणं आहेत, असं डॉक्टर म्हणाले. बडे बाबूंनी तो शब्द खिशातल्या कागदावर उतरवून घेतला. शब्द वजनदार होता, टिपणीत शोभला असता.

परतीच्या गाडीत बडे बाबू वच्छलाबाईंशी बोलले नाहीत. चेहरा लाल. शंभर शब्दांची मेहनत एका बाईने पाण्यात घातली होती, आणि सोबत रामटेक्यांची नोकरीही, असा त्यांचा हिशेब. आष्टीला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले, कागदात भजी घेऊन आले आणि पुडा आधी वच्छलाबाईंपुढे धरला. "घ्या, बाई," म्हणाले. "माही आई वारली तवा मी फायलीत दाखला लावाले धावत होतो." मग खिडकीकडे तोंड करून बसले आणि आल्लापल्लीपर्यंत तेलुगूत स्वतःशीच पुटपुटत राहिले.

प्रमाणपत्र वर पाठवलं. पानभर होतं. आजार, उपचार, रजा, सगळं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं आणि शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की उपचारानंतर श्री. रामटेके कामावर परतण्यास योग्य होतील. आता काय होणार म्हणून आम्ही महिनाभर जीव मुठीत धरून बसलो. मडावीने ठाकूरदेवाला नारळ कबूल केला. मग उत्तर आलं: 'प्रमाणपत्र प्राप्त झाले. कर्मचारी योग्य असल्याचे दिसून येते. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.' कोणीतरी फक्त शेवटची ओळ वाचली होती, तीही अर्धी. आमच्या खात्याला मी खूप नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

तीन महिन्यांनी रामटेके बाबू परत आले. अंग थोडं सुटलं होतं, हात किंचित कापत होते, चालणं सावकाश. मसुदे आता नमुनेदार येऊ लागले: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, कार्यवाही सुरू आहे.' मी काही विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच उत्तर मिळे. कार्बन पेपर कुठे? आलमारीत. बस. बडे बाबू एकदा हळूच म्हणाले, "बरा झाला हो बाई. आपल्यासारखाच झाला." आणि मला ते आवडलं नाही. मला माझे रामटेके बाबू हवे होते. मी मनातल्या मनात डॉक्टरवर चिडत होते, गोळ्यांवर चिडत होते, आणि कागदझड लागली की मुद्दाम त्यांच्यासमोर तो शब्द म्हणून बघायची. ते मंदसे हसत आणि लिहीत राहत.

पुढे त्यांची बदली त्यांच्या गावाजवळ झाली आणि वर्षभराने मीही ब्रह्मपुरीला आले. मध्ये भेट नाही.

मग एका दुपारी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर मला वच्छलाबाई दिसल्या. बाकावर बसल्या होत्या, पायाशी दोन पिशव्या. शेजारी रामटेके बाबू. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, गाढ झोपलेले. भोवती गाड्यांचे आवाज, पेरूवाले ओरडत होते, एक पोर गळा काढून रडत होतं.

मी जवळ जाऊन बसले. पोरींची चौकशी केली. दोघी घरीच होत्या आता, वडिलांजवळ. मग माझ्याने राहवलं नाही.

"ताई, भाऊ पहिल्यासारखं बोलतेत का कधी? किती छान छान शब्द काढत. मले अजून आठवतेत."

वच्छलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुमाले आठवतेत बाई," त्या म्हणाल्या. "तुमी दहा ते पाच आयकले."

तेवढ्यात त्यांच्या गावची गाडी लागली. लोक धावले, खिडक्यांतून टॉवेल टाकले गेले. ही गाडी सुटली की दोन तास दुसरी नव्हती. मी रामटेके बाबूंना उठवायला हात पुढे केला, तर वच्छलाबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी फाटकाबाहेर पडली. रामटेके बाबूंनी झोपेतच मान वळवली आणि डोकं बायकोच्या खांद्यावर टाकलं. वच्छलाबाईंनी पदराने त्यांच्या तोंडावरची माशी हाकलली, आणि पुढची गाडी नक्की किती वाजता आहे ते मला विचारून यायला सांगितलं.